बाईसाहेबांचा डावा गाल

सहाला दहा मिनिटं कमी होती. मास्तर लाकडाच्या वखारीच्या फाटकाच्या आत उकिडवे बसून बाईसाहेबांचा उजवा ओठ अंगठ्याने वर करून पाहत होते. दात पांढरे, हिरडी गुलाबी. हिरडी बोटाने दाबली की फिकी पडत होती, सोडली की रंग परत येत होता. मास्तरांनी समाधानाने मान हलवली, दोन्ही कान उलटे करून वास घेतला, चारी पंजे उचलून बोटांमधल्या फटी तपासल्या आणि शेवटी डोळे बघायला समोर आले. तिथेच ते थांबले.

डाव्या डोळ्याखाली सूज होती. अर्ध्या लिंबाएवढी.

बाईसाहेब म्हणजे वखारीची राखणदार कुत्री. अंगाने थोराड, रंगाने लाकडाच्या भुशासारखी, वयाने पोक्त. बसली की मालकीण बसल्यासारखी बसायची, म्हणून करवतीवरच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. सूज पाहून मास्तरांनी गालाकडे हात नेला, तशी तिने तोंड झटकलं. इतक्या वर्षांत तिने मास्तरांच्या हाताखालून तोंड काढून घेतलं नव्हतं.

"रात्री काय झालं?" मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

मागे रात्रपाळीचा पहारेकरी डबा पिशवीत घालत होता. हा पहारेकरी म्हणजे मास्तरांचा जावई.

"काही नाही, बाबा. का?"

"गाल सुजलाय."

"हो, मी पण बघितलं. मागं पण आला होता ना तसा? मग उतरला."

"मागं गांधीलमाशी चावली होती."

"तसं तुम्ही म्हणाला होतात," जावई म्हणाला, आणि बाईसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवून निघून गेला. डावा हात. मास्तरांनी तेही पाहून ठेवलं.

पाहून ठेवणं हा मास्तरांचा जन्माचा धंदा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोलिसांच्या श्वानपथकात काढली. माणसांच्या शाळेत ते कधी शिकवायला उभे राहिले नाहीत, पण कुत्री शिकवली, म्हणून मास्तर. निवृत्त झाल्यावर वखारीच्या मालकाने त्यांना सकाळच्या पाळीला ठेवून घेतलं आणि कुत्र्याची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे दिली. पथकातून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक, रोज सकाळची तपासणी. दुसरी, समोरचा माणूस खरं बोलतोय असं गृहीत न धरण्याची सवय. पहिलीचा बाईसाहेबांना फायदा होता. दुसरीचा त्रास घरच्यांना.

पथकात तपासणीची रीत ठरलेली होती. कुत्रं कायम माणसाच्या डाव्या हाताला, गुडघ्याला खांदा लावून. मास्तर वाकायचे, डाव्या हाताने जबडा खालून धरायचे आणि उजव्या अंगठ्याने ओठ उचलायचे. दात, हिरडी, कान, पंजे, डोळे. हे सगळं ते झोपेतसुद्धा करू शकले असते, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे एकदोनदा उशीला धरून केलंही होतं.

जावयाच्या बाबतीत त्यांची पहिली तक्रार इथूनच सुरू झाली होती. जावई डावरा. लिहायला डावरा, जेवायला उजवा, बाकी सगळ्याला डावरा. त्यामुळे पट्टा त्याच्या डाव्या हातात आणि कुत्री उजव्या बाजूला. मास्तरांनी त्याला महिनाभर सांगून पाहिलं.

"जावईबापू, कुत्रं डावीकडे चालतं."

"तिला उजवीकडे पण चालता येतं की, बाबा."

"तिला येतं हो. शिस्तीला येत नाही."

घरी यावर मुलगी हसली होती. बायको म्हणाली होती, "अहो, तुमचं बरंय. जावई मिळाला तोही तुम्हाला कुत्र्यासारखा डावीकडे चालणारा पाहिजे."

जावई आधी एका छापखान्यात होता. छापखाना बंद पडला, भाड्याची खोली सुटली, आणि तो बायकोला घेऊन सासरी राहायला आला. घरजावई हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. मास्तर तो मनातल्या मनात उच्चारत. वखारीतली रात्रपाळी त्यांनीच मालकाला सांगून मिळवून दिली. शब्द त्यांनी टाकला होता, त्यामुळे माणूसही त्यांच्याच नावावर होता. ही गोष्ट ते विसरत नव्हते आणि जावयालाही विसरू देत नव्हते. तोंडाने मात्र कायम अहो-जाहो. जावयाला अरे-तुरे करणारा सासरा हलका, असं त्यांचं मत होतं.

सूज दिसली त्या दिवशी मास्तर दुपारी घरी आले तेव्हा जावई आतल्या खोलीत झोपला होता. मुलगी दारात कपडे वाळत घालत होती.

"हातात काठी असते ना त्यांच्या रात्री?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाच्या? पहारेकऱ्याच्या हातात काय, बासरी असणार?"

"बाईसाहेबांचा गाल सुजलाय."

मुलीच्या हातातला कपडा तसाच राहिला. "बाबा, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी काही म्हणत नाहीये."

"तुम्ही काही म्हणत नाही तेव्हाच जास्त म्हणत असता."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "म्हणू दे गं त्यांना. आज जावई, उद्या मी. परवा भिंतीवरच्या घड्याळाला विचारतील, रात्रभर कुठं फिरत होतास म्हणून."

मास्तर पाणी पिऊन बसले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि एकदा ती चुकचुकली की तिला शेपटीसकट बाहेर काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

मग त्यांनी मागचं आठवायला सुरुवात केली. तीनेक आठवड्यांपूर्वी पाळी बदलताना जावई म्हणाला होता, "बाबा, बाईसाहेबांच्या तोंडाला घाण वास येतोय." त्यावर मास्तरांनी सुनावलं होतं, "कुत्र्याच्या तोंडाला कुत्र्याचाच वास येणार. गुलाबपाण्याने चूळ भरते का ती?" करवतीवरचे लोक हसले होते. जावईही हसला होता. आता मास्तरांना वाटायला लागलं की ते हसणं जरा जास्तच लवकर संपलं होतं. वासाची गोष्ट त्याने उगाच का काढली? काहीतरी वासाचं खाऊ घातलं असेल, आणि कुणी विचारण्याआधी आपणच बोलून मोकळं व्हावं, असा हिशोब असेल. चोर पुष्कळदा स्वतःच ओरडत पुढे येतो, हे पथकात त्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी करवतीवरचा थोरला कामगार, ज्याचं घर वखारीच्या भिंतीला लागून होतं, चहा पिता पिता म्हणाला, "मास्तर, हल्ली बाईसाहेबांचा आवाज नाही रात्रीचा. पूर्वी मांजर गेलं तरी गल्ली जागी करायच्या."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. आम्हाला झोप चांगली लागते, म्हणून बोललो नाही."

मास्तरांनी चहा अर्धा ठेवला. मागच्या गल्लीतल्या फरशीच्या गोदामात चोरी झाली होती त्याला फार दिवस झाले नव्हते. तिथल्या कुत्र्याला खाण्यातून गुंगीचं औषध दिलं होतं आणि तिथला पहारेकरी तेव्हापासून दिसला नव्हता. मुकी झालेली कुत्री, सुजलेला गाल आणि आपल्या शब्दावर नोकरीला लागलेला माणूस. मास्तर या तीन गोष्टी एका ओळीत मांडत होते आणि ओळ सरळ येत होती.

पुरावाही मिळत गेला. म्हणजे शोधला की मिळतो, तसा मिळत गेला. आठवड्यातून एकदा मास्तर बाईसाहेबांना उकडलेलं जाड हाड द्यायचे. पथकातली पद्धत, हाड चावलं की दात आपोआप घासले जातात, असं तिथे सगळे मानत. ते हाड या वेळी लाकडाच्या थप्पीमागे जसंच्या तसं पडलेलं सापडलं. भूक मेलेली, म्हणजे पोटात काहीतरी दुसरं जातंय. पहारेकऱ्याच्या खोलीत शेगडीमागे एक फडकं सापडलं. त्यावर रक्ताचे डाग होते. मास्तरांनी ते हुंगलं, कागदात गुंडाळलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी जावई पाळीवर आला तेव्हा मुद्दाम थांबलेल्या मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथं एक फडकं होतं. कशाला वापरता?"

जावयाने डबा खाली ठेवला. "हात पुसायला."

"हाताला लागलं होतं का काही?"

"हो. म्हणजे, कापलं होतं थोडं. पत्र्याने."

मास्तरांनी त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. छापखाना सुटल्यापासून ते हात स्वच्छ होते. कुठेही कापल्याची खूण नव्हती. जावयाने हात खिशात घातले.

खोटं पकडलं की मास्तरांना पथकात जो आनंद व्हायचा तो त्या संध्याकाळी झाला नाही. जावई खोटा निघाला तर मालकाला सांगावं लागणार. मालक त्याला काढणार. काढलेला माणूस बायकोला घेऊन कुठे जाणार? आणि मुलगी नवऱ्याच्या मागे गेली तर ती कुणाच्या दाराकडे पाठ करून जाणार, हे समजायला श्वानपथकाची गरज नव्हती. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी मास्तर मालकाच्या खोलीत जाऊन उभे राहिले. नोकरी ही नोकरी.

"कुत्री बिघडलीय," ते म्हणाले. "कारण काढतोय."

मालक फार बोलणारा माणूस नव्हता. "कुणावर संशय आहे तुमचा?"

"उद्या संध्याकाळी सांगतो."

"तुमचा जावई असतो ना रात्री?"

"म्हणूनच उद्या सांगतो म्हटलं."

मालकाने मान हलवली. "तुम्ही म्हणाल तसं करू. ठेवा म्हणालात तर ठेवू, नको म्हणालात तर नको. पण मला तोंडदेखलं नको, मास्तर."

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाले. बायको दार लावताना म्हणाली, "जावयाला पकडायला चाललात ना?" मास्तर चपला घालत राहिले. "पकडा. पण पकडलात की त्याचं पुढं काय करायचं ते ठरवून या. मुलगी माझी पण आहे."

फाटक त्यांनी आवाज न करता उघडलं. उजाडू लागलं होतं. पहारेकऱ्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून शेगडीची ऊब येत होती. बाईसाहेब अंगणात नव्हत्या. नियमाप्रमाणे रात्रभर त्यांनी अंगणात असायला हवं होतं. मास्तर दारापाशी आले. जावई जमिनीवर मांडी घालून बसला होता. कुत्रीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. उजव्या हाताने त्याने तिचा जबडा धरला होता आणि डाव्या हाताच्या बोटाला पांढरं फडकं गुंडाळून ते तिच्या तोंडात घातलं होतं. कुत्री कण्हत होती. बाजूला वाडग्यात काहीतरी मऊ, लगद्यासारखं होतं.

"काय पाजतोयस तिला?"

जावई दचकला. कुत्रीही दचकली आणि उठून उभी राहिली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाला अरे-तुरे केलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"बाबा, ऐका आधी..."

"ऐकून झालंय माझं. पत्र्याने हात कापला तेही ऐकलं. कुठं मारलंस? काठीने मारलंस की लाथेने?"

"मारलं? कुणाला?"

"वाडग्यात काय आहे?"

"तिचंच खाणं. भिजवलंय. तिला कोरडं चावत नाही."

"चावत नाही! वखारीची कुत्री, आणि चावत नाही?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला," जावयाचा आवाजही आता चढला होता. "तोंडाला वास येतोय म्हणून सांगितलं होतं. चार माणसांत गुलाबपाणी काढलंत तुम्ही. पुन्हा कशाला सांगू? लाड करतो म्हणाला असतात. शिस्त बिघडवतो म्हणाला असतात. मी आपला मिठाच्या पाण्याने पुसत होतो गुपचूप. पुसलं की रक्त येतं."

"आणि तिला आत कशाला घेतलीस?"

जावयाने कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. "कण्हते रात्रीची. उबेला बरं वाटतं तिला."

"म्हणजे इतके दिवस अंगणात कुणीच नव्हतं."

"मी होतो."

"तू शेगडीजवळ होतास."

जावई उठला. वाडगा त्याने मास्तरांच्या हातात दिला. "चला डॉक्टरकडे. दवाखाना उघडला की लगेच. हे पण घ्या, तपासून घ्या. माझी पण तपासणी करायची तर करा."

मास्तर जागचे हलले नाहीत. इतक्या ठामपणे बोलणारे बरेच लोक त्यांनी पाहिले होते. निम्मे निर्दोष होते आणि निम्मे सराईत. त्यांनी वाडग्यातला लगदा एका पिशवीत भरला, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि रक्ताच्या फडक्याशेजारी ठेवून दिली.

दवाखाना वखारीपासून चालत जाण्याइतका जवळ होता. पट्टा मास्तरांच्या हातात होता, त्यामुळे बाईसाहेब त्यांच्या डावीकडे चालत होत्या. जावई कुत्रीच्या पलीकडून चालत होता. लोकांनी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोघं मिळून कुत्र्याला फिरायला नेताहेत.

डॉक्टरबाई तरुण होत्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मास्तरांचा दवाखान्यांवर फारसा विश्वास नव्हता. आत गेलेलं जनावर बरं होऊन बाहेर येतं आणि माणूस आजारी होऊन, असं ते म्हणत. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"यात गुंगीचं औषध आहे का, ते बघायचंय. आणि हिला कुणी मारलंय का, तेही."

डॉक्टरबाईंनी पिशवी उघडून वास घेतला आणि बोटाने थोडं चोळून पाहिलं. "भिजवलेलं खाणं दिसतंय. कुणी भिजवलं?"

"मी," जावई म्हणाला. "कोमट पाण्यात."

"बरं. औषधाची तपासणी लागली तर नंतर बघू. आधी तोंड. हिचं तोंड घरी कोण उघडतं?"

"मी. रोज सकाळी," मास्तर म्हणाले. "श्वानपथकात होतो."

"मग तुम्हीच दाखवा."

मास्तर कुत्रीच्या बाजूला उभे राहिले. ती आपोआप त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागली. त्यांनी वाकून जबडा धरला आणि उजव्या अंगठ्याने ओठ वर केला. दात पांढरे, हिरडी गुलाबी. डॉक्टरबाईंनी वाकून नीट पाहिलं.

"छान आहेत. या वयाला फारच छान. आता ती बाजू."

मास्तर थांबले. त्यांचा हात त्या बाजूला जाईना. म्हणजे जायला हरकत नव्हती, पण कसा न्यायचा हे हाताला ठाऊक नव्हतं. ते वळून पलीकडे गेले, गालाकडे बोट नेलं, आणि बाईसाहेबांनी तोंड झटकलं.

"बघितलंत? मारलंय, म्हणून घाबरते," मास्तर म्हणाले. पण आवाज सकाळइतका पक्का नव्हता.

"तुम्ही धरा," डॉक्टरबाई जावयाला म्हणाल्या.

जावई खाली बसला. त्याने डावा हात तिच्या हनुवटीखाली घातला आणि कपाळ तिच्या कानाला लावलं. ती कण्हली, पण उभी राहिली. डॉक्टरबाईंनी डावा ओठ हलकेच उचलला.

मास्तरांना आधी वास आला. मग दिसलं. मागच्या दाढांवर चिखल वाळावा तसा तपकिरी थर होता. हिरडी लालभडक, सुजलेली आणि दातांपासून सुटून मागे सरकलेली. वरच्या सगळ्यात मोठ्या दाढेचा बाहेरचा तुकडा उभा तुटला होता आणि तिच्या मुळाशी पू होता.

"हिला कुणी मारलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या दाढेची मुळं थेट डोळ्याच्या खालपर्यंत जातात. तुटलेल्या दाढेतून आत पू झाला की सूज तोंडात दिसत नाही, इथे गालावर दिसते. लोकांना वाटतं मार लागला, नाहीतर माशी चावली. मध्ये उतरते, पुन्हा येते."

"पण उजवी बाजू तर..."

"दुखते त्या बाजूने ती चावत नाही. सगळं काम उजवीकडे. चावण्याने तिकडचे दात घासले जातात, म्हणून ते पांढरे. इकडे चावणं बंद, म्हणून किटण साचत गेलं आणि त्याने हिरडी खाल्ली. एकच बाजू स्वच्छ दिसली ना, की खरं तर तेव्हाच शंका यायला हवी."

शंका या शब्दावर जावयाने खाली पाहिलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चावायला काय देता?"

"हाड," मास्तर म्हणाले. "उकडलेलं. आठवड्यातून एकदा. दात साफ राहतात."

"दाढ त्यानेच तुटली असणार. अंगठ्याचं नख दाबून बघायचं. ज्या वस्तूवर नखाची खूण उमटत नाही, ती दाताला जड. आणि तुम्ही," त्या जावयाकडे वळल्या, "मिठाच्या पाण्याने पुसणं बंद करा. त्याने बरं होत नाही, नुसतं दुखतं. खाणं भिजवलंत ते मात्र चांगलं केलंत, नाहीतर हिने खाणं सोडलंच असतं. पण आधी का नाही आणलीत?"

उत्तर जावयाकडे होतं, आणि ते त्याच्या शेजारी उभं होतं.

मास्तर मात्र आता दुसरीकडेच होते. पथकाच्या अंगणात महिन्यातून एकदा जनावरांचा डॉक्टर यायचा. कुत्री हाताळणारे शिपाई आपापलं कुत्रं डावीकडे घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि डॉक्टर समोरून येऊन, हाताळणारा उभा असे त्याच्या उलट्या बाजूला वाकून काहीतरी बघायचा. काय बघतो, हे मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं. नोकरीभर ते अर्धी तपासणी करत होते आणि उरलेली अर्धी डॉक्टर करत होता. वखारीत डॉक्टर येत नव्हता. मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या उजव्या दाढा त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. डावी एकही आठवेना.

"उद्या सकाळी घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुंगी देऊन दातांचा एक्स-रे काढू, ती दाढ काढू, बाकी दोन्हीकडचं किटण साफ करू. त्यानंतर रोज मऊ ब्रश, कुत्र्यांची पेस्ट. आपली नाही चालत, ती गिळते. आणि एक नीट ऐका. आज रात्री आठनंतर हिच्या पोटात काही जाता कामा नये. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासात जाते. जिवावर बेतू शकतं."

परतताना बाईसाहेब पुन्हा मास्तरांच्या डावीकडे होत्या. अर्ध्या वाटेवर मास्तर थांबले, पट्टा जावयाकडे दिला आणि स्वतः पलीकडे गेले. जावयाने पट्टा डाव्या हातात घेतला, आणि कुत्री त्याच्या उजवीकडे चालू लागली.

संध्याकाळी मास्तर ठरल्याप्रमाणे मालकाच्या खोलीत गेले.

"दाढ आहे," ते म्हणाले. "सडलीय. मारबीर काही नाही. उद्या काढतील."

"इतकं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मास्तरांनी खिडकीतून करवतीकडे पाहिलं. करवत बंद होती. "रात्रपाळीच्या लक्षात आलं होतं. त्याने सांगितलंही होतं. सकाळपाळीने ऐकलं नाही."

मालकाने चष्म्यावरून पाहिलं. "सकाळपाळी म्हणजे तुम्ही."

"हो."

"मग रात्रपाळीला ठेवायचं?"

"ठेवायचं."

अंगणात रात्री कुत्रं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांनी शिल्लक ठेवलं होतं. सगळा संशय एका दिवसात सोडून देणं त्यांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं.

घरी बातमी त्यांच्याआधी पोचली होती. बायकोने ताट वाढताना विचारलं, "काय मग, सापडला का चोर?"

"सापडला."

"कुठं होता?"

"डाव्या बाजूला," मास्तर म्हणाले आणि जेवायला लागले.

मुलगी समोर बसली होती. "बाबा, तुम्ही त्याला अरे-तुरे केलंत म्हणे."

"केलं."

"मग आता?"

मास्तरांनी घास संपवला. तेवढ्यात जावई पाळीवर जायला डबा घेऊन बाहेर आला. मास्तर त्याला म्हणाले, "आठनंतर काही द्यायचं नाही हं तिला. कण्हली तरी नाही. मांडीवर डोकं ठेवलं तरी नाही."

"नाही देणार. बघायला याल ना रात्री?"

"कशाला? तू आहेस की."

जावयाने डबा दुसऱ्या हातात घेतला. अरे-तुरे तसंच राहिलं होतं. मुलीने आईकडे पाहिलं, आईने ताटाकडे. त्या घरात मास्तरांकडून तू म्हणवून घेणारी माणसं म्हणजे पोटची मुलगी आणि बायको, एवढीच होती.

रात्री मास्तर दोनदा उठले आणि दोनदा चपलांपर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा बायको अंधारातच म्हणाली, "जा, नाहीतर झोपा. मधेच उभे राहू नका." ते झोपले.

उद्या सकाळी सहाला वखारीचं फाटक नेहमीसारखं उघडेल. बाईसाहेबांचा वाडगा रात्री आठपासून भिंतीपाशी उपडा असेल. दवाखाना नऊला उघडतो. पट्टा जावयाच्या डाव्या हातात असेल आणि कुत्री त्याच्या उजवीकडे.